विश्लेषण : हुकूम एकाचा, तलवार दुसऱ्याची, मग खुनी कोण? रामशास्त्री प्रभुणे यांनी २५० वर्षांपूर्वी दिलेले उत्तर

वडखळहून अलिबागला जाताना धरमतरच्या खाडीवरचा पूल लागतो. खालून अंबा नदीचे पाणी समुद्राकडे जात असते. पेशवाईच्या काळात या खाडीच्या पूर्वेला पेण म्हणजे पेशव्यांचा मुलूख होता आणि पश्चिमेला कुलाबा म्हणजे आंग्र्यांचा. याच कुलाब्याचे सरखेल रघुजी आंग्रे १७७३ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्यात मुक्कामाला होते. ३० ऑगस्टला सकाळी तरुण पेशवे नारायणराव त्यांच्या भेटीला गेले. तुमच्या जिवाला धोका आहे, सावध राहा, असे आंग्र्यांनी त्यांना सांगितल्याचे इतिहासकारांनी नोंदवले आहे. त्यानंतर काही तासांतच शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला.

कुलाब्याहून आलेल्या पाहुण्याच्या कानावर जी गोष्ट गेली होती, ती पुण्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? त्यांतले किती जण कटात होते? किती जण नुसते गप्प बसले? ज्याने वार केला तो गुन्हेगार, हे तर उघड आहे. पण ज्याने वार करायला लावले, पैसे कबूल केले, दार उघडे ठेवले, त्यांचे काय?

फौजदारी कायद्यातला हा सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड प्रश्न. त्याला तोंड देणाऱ्या माणसाचे नाव होते रामशास्त्री प्रभुणे. निःस्पृह न्यायाधीश म्हणून त्यांचे नाव आपण शाळेपासून ऐकतो. १९४४ साली प्रभात फिल्म कंपनीने त्यांच्यावर चित्रपटही काढला. मात्र त्या चौकशीत त्यांनी नेमके काय ठरवले आणि आजचा कायदा त्याकडे कसा पाहील, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

रामशास्त्री कोण होते?

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर वसलेले क्षेत्र माहुली हे त्यांचे गाव. वडील लहानपणीच गेले. घरची गरिबी. साताऱ्यात एका सावकाराच्या घरी ते पडेल ती कामे करत. सावकाराकडे आलेल्या गिऱ्हाईकाचे दागिने टक लावून पाहताना धनी टोचून बोलला आणि तो शब्द जिव्हारी लागून तरुण रामने घर सोडले, अशी आठवण परंपरेने सांगितली जाते. तोवर शिक्षणाचे वय उलटून गेले होते. तरीही ते काशीला गेले आणि बाळंभट्ट पायगुंडे यांच्यासारख्या नामांकित पंडितापाशी धर्मशास्त्र शिकले.

परत आल्यावर १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या चाकरीत शास्त्री म्हणून दाखल झाले. १७५९ मध्ये पुण्याच्या मुख्य न्यायाधीशपदी त्यांची नेमणूक झाली. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्यांचा शब्द दरबारात प्रमाण मानला जाई. माधवराव जपजाप्यात फार वेळ घालवू लागले तेव्हा राज्य करणाऱ्याचे पहिले कर्तव्य प्रजेकडे पाहण्याचे आहे, हे शास्त्रीबुवांनी त्यांना स्पष्टपणे ऐकवले, अशी कथा आहे. राहणी साधी, नजराणा घेण्याचे नाव नाही. म्हणजे पुढे जो प्रसंग आला, त्या वेळी कोणाच्या उपकाराचे ओझे त्यांच्या डोक्यावर नव्हते.

शनिवारवाड्यात काय घडले?

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवरावांचे निधन झाले. धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले. वय १७. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, यांना पेशवेपद स्वतःला हवे होते. काका-पुतण्यांचे बिनसले आणि १७७३ च्या उन्हाळ्यात रघुनाथरावांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले.

वाड्याचा पहारा गारद्यांकडे होता. गारदी म्हणजे रोख पगारावर ठेवलेले, कवायती पद्धतीचे भाडोत्री शिपाई. त्यांचा पगार थकला होता. सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसफ हे त्यांचे म्होरके. रघुनाथरावांचा खासगी नोकर तुळाजी पवार हा कैदेतले धनी आणि बाहेरचे गारदी यांच्यातला दुवा झाला. नारायणरावांना पकडून रघुनाथरावांना मोकळे करायचे आणि गादीवर बसवायचे, बदल्यात गारद्यांना मोठी रक्कम द्यायची, असा बेत ठरला.

आंग्र्यांकडून परतताना नारायणरावांनी हरिपंत फडके यांना बंदोबस्त वाढवायला सांगितले. हरिपंतांनी ते काम जेवणानंतर करायचे ठरवले. दुपारी गारदी थकलेल्या पगाराचा दंगा करत वाड्यात घुसले. नारायणराव धावत चुलत्याच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून प्राणांची भीक मागू लागले. तुळाजीने त्यांना ओढले, सुमेरसिंगाने वार केले. मालकाला वाचवायला अंगावर पडलेला चापाजी टिळेकर हा सेवकही तिथेच मारला गेला. वाड्यात त्या वेळी आणखीही काही माणसे कापली गेली. नारायणरावांचे वय तेव्हा १८ होते.

पुतण्याला पायाशी पाहून रघुनाथराव अखेरच्या क्षणी कळवळले, त्यांनी गारद्यांना थांबायला सांगितले, पण सुमेरसिंगाने ऐकले नाही, असेही एका परंपरेत सांगतात. ही गोष्ट खरी धरली तरी कायद्याचा प्रश्न सुटत नाही. उलट तो अधिकच टोकदार होतो.

चौकशीत काय सापडले?

खून झाला त्याच दिवशी सत्ता रघुनाथरावांच्या हाती गेली. म्हणजे ज्याच्यावर संशय, तोच राज्याचा धनी. अशा वेळी चौकशी कोण करणार? रामशास्त्रींनी ती केली. मुख्य न्यायाधीश म्हणून हे आपलेच काम आहे, असे मानून सुमारे सहा आठवडे त्यांनी माहिती गोळा केली.

या चौकशीतून सुमारे ५० जणांची नावे पुढे आली. त्यात तलवार चालवणारे गारदी थोडे होते. निरोप पोचवणारे, मसलतीला बसलेले, पैशाची हमी घेणारे, कारकून आणि दरबारी अशीच नावे जास्त होती. खून अर्ध्या तासात झाला असेल. पण त्याची तयारी करणारे हात कितीतरी होते आणि त्यांतल्या बऱ्याच हातांना रक्ताचा थेंबही लागला नव्हता.

सर्वांत वरचे नाव रघुनाथरावांचे होते. पुतण्याला धरण्याचा हुकूम आपण दिला, मारण्याचा नाही, असा त्यांचा बचाव होता. इथेच 'ध' चा 'मा' ही प्रसिद्ध कथा येते. हुकूमनाम्यात धरावे असा शब्द होता, आनंदीबाईंनी अक्षर बदलून तो मारावे असा केला, ही ती कथा. पण असा कागद आज उपलब्ध नाही आणि आनंदीबाईंनी तो बदलल्याचा पुरावाही नाही. वाक्प्रचार मात्र मराठीत कायमचा रुजला आणि सगळा दोष एका बाईच्या माथी गेला. मुख्य सूत्रधारासाठी ही सोयच झाली.

रामशास्त्री या सोयीला बळी पडले नाहीत. त्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे, असे त्यांच्या तोंडावर सांगितले.

धर्मशास्त्रात साथीदाराला काय शिक्षा होती?

हा निकाल म्हणजे एका करारी माणसाचा संताप नव्हता. ज्या शास्त्रात रामशास्त्री मुरले होते, त्यात साथीदाराच्या जबाबदारीचा विचार अतिशय बारकाईने केलेला आहे. आपस्तंब धर्मसूत्रात करणारा, करवणारा आणि संमती देणारा हे तिघेही कर्माच्या फळाचे वाटेकरी मानले आहेत. याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत हत्येच्या संदर्भात पाच प्रकारची माणसे वेगळी काढली आहेत.

• कर्ता : प्रत्यक्ष वार करणारा.
• प्रयोजक : त्याला त्या कामाला लावणारा.
• अनुग्राहक : मदत करणारा, म्हणजे बळी पळू नये म्हणून वाट अडवणारा किंवा मारेकऱ्याला पाठबळ देणारा.
• अनुमन्ता : संमती देऊन मारेकऱ्याचा धीर वाढवणारा.
• निमित्ती : ज्याच्या वागण्यामुळे दुसरा त्या थराला गेला तो.

दोष सगळ्यांना, पण सारखा नाही. ज्याचा वाटा जितका, तितके त्याचे प्रायश्चित्त. ही यादी समोर ठेवून शनिवारवाड्याकडे पाहा. सुमेरसिंग कर्ता, ओढणारा तुळाजी अनुग्राहक, आणि कैदेत बसून हुकूम देणारे रघुनाथराव प्रयोजक. ते स्वतः बंदिवान होते, तलवारीला त्यांनी हात लावला नव्हता. पण त्यांच्या इच्छेशिवाय आणि त्यांना मिळणाऱ्या गादीशिवाय हा कट उभाच राहिला नसता.

आजच्या कायद्यात हेच कसे बसते?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, तत्त्वे बहुतांशी तीच राहिली. दुसऱ्याच्या हातून झालेल्या गुन्ह्यात आपण कसे अडकतो, याच्या तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट अपप्रेरणेची. संहितेच्या कलम ४५ नुसार (जुने कलम १०७) चिथावणी देणे, कटात सामील होऊन त्यानुसार काही घडणे, किंवा जाणूनबुजून मदत करणे ही अपप्रेरणा ठरते. त्या अपप्रेरणेमुळे गुन्हा घडला आणि कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा अपप्रेरकाला होते.

दुसरी वाट समान उद्देशाची. अनेकांनी एकाच उद्देशाने कृत्य केले तर ते प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखे धरले जाते. जुन्या कायद्यातले प्रसिद्ध कलम ३४ आता कलम ३ च्या पोटकलम ५ मध्ये आहे. दारावर उभा राहिलेला आणि आत जाऊन वार करणारा, दोघांवर खुनाचाच आरोप येऊ शकतो तो यामुळे.

तिसरी वाट फौजदारी कटाची, म्हणजे कलम ६१ ची. इथे बेकायदा गोष्ट करण्याचे संगनमत हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

धरा सांगितले आणि मारले, मग?

रघुनाथरावांच्या बचावाला थेट भिडणारे कलमही कायद्यात आहे. एका कृत्याची अपप्रेरणा दिली आणि घडले दुसरेच, तर काय? न्याय संहितेचे कलम ५१ (जुने १११) सांगते की घडलेले कृत्य हा त्या अपप्रेरणेचा संभाव्य परिणाम असेल, तर अपप्रेरक त्यालाही जबाबदार.

साधे उदाहरण घ्या. एखाद्याने हत्यारबंद माणसांना शेजाऱ्याच्या घरात दरोडा घालायला पाठवले आणि प्रतिकार करणाऱ्या घरमालकाचा त्यांनी जीव घेतला. मी फक्त चोरी करायला सांगितले होते, हा बचाव टिकणे कठीण. कारण हत्यारे घेऊन घरात घुसल्यावर काय होऊ शकते, हे कोणत्याही शहाण्या माणसाला कळते.

आता पगार थकलेले, चिडलेले, नंग्या तलवारी घेतलेले शिपाई आणि त्यांच्या हाती सोपवलेला एका पेशव्याला धरण्याचा हुकूम. जिवंत राहिलेला पेशवा उद्या आपली मान उडवेल, हे गारद्यांना कळत होते. ते रघुनाथरावांनाही कळायला हवे होते. म्हणजे कागदावर 'ध' होता की 'मा', यावर सगळा खटला अवलंबून नाही. अखेरच्या क्षणीच्या कळवळ्यानेही तो सुटत नाही. आग लावल्यावर पाण्याची घागर आणल्याने पेटवणाऱ्याचा दोष पुसला जात नाही.

माहीत होते, पण गप्प बसले. ते गुन्हेगार का?

ही सर्वांत नाजूक जागा. आंग्र्यांना कुणकुण लागली, त्यांनी सावध केले. त्यांच्या बाजूने प्रश्न उरत नाही. हरिपंत फडक्यांनी सूचना मिळूनही उशीर केला. त्याची किंमत भयंकर होती, पण तो निष्काळजीपणा होता, साथ नव्हती. पुढे रघुनाथरावांचा पाठलाग करणाऱ्या फौजेत हेच हरिपंत आघाडीवर होते. सखारामबापू बोकील यांच्यासारख्या मुरब्बी कारभाऱ्याला कटाची कल्पना असावी, असा संशय तेव्हापासून घेतला गेला. त्याच बापूंना पुढे रघुनाथरावांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून कैद झाली आणि रायगड किल्ल्यावर त्यांचा शेवट झाला.

आजचा कायदा इथे एक रेषा आखतो. नुसते ठाऊक असणे किंवा घटनास्थळी हजर असणे म्हणजे अपप्रेरणा नव्हे. पण ज्याच्यावर काही करण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, त्याने गुन्हा घडावा म्हणून ते जाणीवपूर्वक टाळले, तर तीही मदत ठरते. रस्त्यावरचा बघ्या आणि पहाऱ्यावरचा शिपाई यांच्यात फरक आहे तो हा. दोघांनी डोळे मिटले, पण शिपायाने मिटलेले डोळे म्हणजे मारेकऱ्याला उघडून दिलेले दार.

म्हणूनच संशय आणि दोष यांत अंतर ठेवावे लागते. कटाची चौकशी करताना ज्याचे नाव निघाले त्याला फासावर द्या, असा मोह होतो. कोणाचा वाटा किती, हे प्रत्येकाचे वेगळे मोजणे म्हणजेच वैयक्तिक जबाबदारी. जात, घराणे, तुकडी किंवा गाव गुन्हा करत नाही. माणसे करतात.

राज्यकर्त्याला सूट असते का?

रामशास्त्रींच्या निकालाचे वजन इथे कळते. आरोपी राज्याचा प्रमुख होता. राजा चूक करूच शकत नाही, ही समजूत तेव्हा जगभर घट्ट होती. युरोपातही बसलेल्या सत्ताधीशाला त्याच्याच न्यायाधीशाने खुनाचा दोषी ठरवणे ही दुर्मीळ गोष्ट होती.

आंतरराष्ट्रीय कायद्याला हे तत्त्व स्वीकारायला विसावे शतक उजाडावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गमध्ये नाझी नेत्यांवर खटला चालला. पद कितीही मोठे असले तरी ते जबाबदारीतून सोडवत नाही, असे त्या न्यायालयाच्या १९४५ च्या सनदेतच लिहिले होते. देश नावाची अमूर्त गोष्ट गुन्हा करत नाही, तो हाडामांसाची माणसे करतात, हा १९४६ च्या निकालाचा गाभा. टोकियोच्या खटल्यात भारताचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी मात्र वेगळे मत दिले. युद्ध पुकारल्याबद्दल व्यक्तींना शिक्षा करणारा कायदा तेव्हा अस्तित्वात नव्हता आणि जेत्यांनी हरलेल्यांचा न्याय करणे योग्य नाही, हा त्यांचा आक्षेप आजही अभ्यासला जातो.

१९९८ च्या रोम कराराने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पाया घातला. २००२ मध्ये तो लागू झाला. त्याच्या कलम २५ मध्ये गुन्हा करणारा, हुकूम देणारा, चिथावणारा आणि साह्य करणारा असे सगळे येतात. कलम २७ राष्ट्रप्रमुखालाही सूट देत नाही. कलम २८ प्रमाणे, हाताखालच्या लोकांचे गुन्हे ठाऊक असून किंवा ठाऊक असायला हवे असूनही सेनापतीने रोखले नाहीत, तर तो जबाबदार. भारताने या करारावर सही केलेली नाही.

रघुनाथरावांच्या जवळ जाणारे अलीकडचे उदाहरण लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचे. शेजारच्या सिएरा लिओनमध्ये बंडखोरांनी केलेल्या अत्याचारांच्या वेळी ते तिथे नव्हते. पण शस्त्रे आणि पाठबळ त्यांचे होते. २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना साह्य आणि अपप्रेरणेबद्दल दोषी ठरवून ५० वर्षांची शिक्षा दिली.

भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६१ नुसार राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्यावर पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाई करता येत नाही. हे संरक्षण पदाच्या मुदतीपुरते आहे. पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्री यांना असे संरक्षण नाही.

आम्ही फक्त हुकूम पाळला, हा बचाव चालतो का?

गारद्यांच्या बाजूनेही हा युक्तिवाद करता आला असता. आम्ही चाकर, धन्याने सांगितले ते केले. भारतीय कायद्यात वरिष्ठाच्या हुकमाला संरक्षण आहे, पण तो हुकूम कायद्याला धरून असेल तरच. जमाव पांगवण्यासाठी कायदेशीर आदेशाने गोळी चालवणारा जवान वेगळा आणि साहेबाने सांगितले म्हणून कोठडीतल्या माणसाला मारणारा शिपाई वेगळा. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे करण्याचा हुकूम उघडउघड बेकायदा असतो, असे रोम करारात स्पष्ट म्हटले आहे.

म्हणजे जबाबदारी दोन्ही दिशांनी जाते. खालच्याने वर बोट दाखवून सुटका नाही आणि वरच्याने खाली बोट दाखवूनही नाही.

निकालानंतर काय झाले?

देहान्ताचे प्रायश्चित्त सांगितले खरे, पण ते अमलात कोण आणणार? फौज, खजिना आणि शिक्के सगळे दोषी ठरलेल्या माणसाच्याच हाती. रामशास्त्रींपुढे दोन वाटा होत्या. मत नोंदवून खुर्चीत बसून राहायचे, किंवा निघून जायचे. त्यांनी पद सोडले, पुणे सोडले आणि वाईजवळच्या पांडववाडी या खेड्यात जाऊन राहिले.

या निर्णयाला आपण बाणेदारपणा म्हणतो. त्याला कायद्याच्या अंगानेही अर्थ आहे. खुनातून सत्ता मिळवलेल्याच्या दरबारात मुख्य न्यायाधीश म्हणून बसणे म्हणजे त्या सत्तेला मान्यता देणे. संमती देणाराही पापाचा वाटेकरी, हे ज्याने आयुष्यभर शिकवले, त्याला स्वतःची खुर्चीही त्या पाचांच्या यादीत दिसली असणार.

त्यांच्या जाण्याने काही महिन्यांतच वारे फिरले. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदींनी बारभाईंचे कारस्थान उभारले. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला. तोच सवाई माधवराव. रघुनाथराव परागंदा झाले. बारभाईंनी रामशास्त्रींना मानाने परत बोलावून न्यायाधीशपद दिले.

खुनात हात असलेल्यांचा माग पुढे कित्येक वर्षे काढला गेला. काही जण हैदरअलीच्या राज्यात लपले होते. खरगसिंग आणि तुळाजी यांना तिथून परत मिळवून देहान्ताची शिक्षा झाली. परमुलखात पळालेल्या आरोपीला ताब्यात घेण्याची ही धडपड म्हणजे आजच्या प्रत्यार्पणाचीच जुनी आवृत्ती.

मुख्य आरोपी मात्र निसटला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह झाला आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांना शिक्षेऐवजी दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक मिळाली. डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगावी ते मरण पावले. एका गुन्हेगाराला मिळालेल्या आश्रयाची किंमत सगळ्या महाराष्ट्राने मोजली.

पुन्हा कुलाब्याची वाट

रामशास्त्री आणि कुलाब्याचे रघुजी आंग्रे यांची नावे आणखी एका प्रकरणात शेजारी येतात. पानिपतात हरवलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा तोतया रत्नागिरीच्या कैदेत होता. १७७६ मध्ये तिथल्या सुभेदाराने, रामचंद्र नाईक परांजपे यांनी, त्याला मोकळे केले. पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्याकडे वळले. अखेर पराभव झाल्यावर तो समुद्रमार्गे मुंबईकडे पळू लागला, तेव्हा आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याच्या हवाली केले.

पुण्यात ज्या पंचांपुढे त्याची ओळख तपासली गेली, त्यांत रामशास्त्री होते. तो भाऊसाहेब नव्हे, हे सिद्ध झाले आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याला साथ देणाऱ्यांचीही चौकशी झाली. इथेही तोच पेच होता. खरेच फसलेला माणूस कोण आणि फसल्याचे सोंग घेऊन फायदा उकळणारा कोण? हेतू तपासल्याशिवाय साथ ठरत नाही.

रामशास्त्री अखेरपर्यंत न्यायाधीशपदावर राहिले. ऑक्टोबर १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांत पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण कोंडून मेले. संतापलेल्या जमावाच्या हाती घाशीरामला देण्यात आले आणि तो दगडांनी ठेचला गेला. कोतवाल जबाबदार होताच. पण कोंडणाऱ्या शिपायाचा वाटा किती, कोठडीकडे न पाहणाऱ्या अंमलदाराचा किती, याची शांतपणे मोजदाद व्हायची राहून गेली. जमाव मोजत नाही, तो फक्त दगड उचलतो.

मग या निकालाने साधले काय?

रघुनाथरावांना शिक्षा झाली नाही, म्हणून रामशास्त्रींचा निकाल वाया गेला, असे म्हणता येईल का? त्या निकालाने रघुनाथरावांच्या पेशवेपदाची नैतिक बैठकच काढून घेतली. बारभाईंना आणि रयतेला एक स्पष्ट शब्द मिळाला : हा पेशवा नव्हे, खुनात दोषी ठरलेला माणूस आहे. आजही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ज्याच्यावर अटक वॉरंट काढले आहे तो नेता सत्तेत राहतो, परदेशी जाताना मात्र त्याला दहा वेळा विचार करावा लागतो. निकाल आणि अंमलबजावणी यांतले अंतर तेव्हाही होते, आजही आहे.

कोठडीतला मृत्यू असो, दंगल असो किंवा पैसे देऊन घडवलेला खून, बातमीत बहुतेकदा पकडलेल्या मारेकऱ्याचाच फोटो येतो. ती बातमी वाचताना पाच माणसांची ती यादी आठवावी. वार करणारा सापडला. त्याला पाठवणारा कोण, मदत करणारा कोण, मान डोलावणारा कोण आणि पहाऱ्यावर असून पाठ फिरवणारा कोण, हे विचारल्याशिवाय तपास पूर्ण होत नाही. रामशास्त्रींनी हे प्रश्न विचारले, तेव्हा शेवटचे उत्तर राज्याच्या गादीवर बसलेले होते. तरीही त्यांनी ते मोठ्याने सांगितले.